पोट उघडलंच आहे तर… महाधमनी आणि किडनीच्या धमनीची एकत्र शस्त्रक्रिया

 

आजचा विषय ऐकायला जरा जड आहे, पण शेवटपर्यंत थांबा. पोटातली मुख्य रक्तवाहिनी, म्हणजे महाधमनी, आणि किडनीला रक्त पुरवणारी धमनी या दोन्हींची शस्त्रक्रिया एकाच वेळी करावी का? केली तर पुढे काय होतं? फायदा किती आणि धोका किती?

तुम्ही म्हणाल, हे डॉक्टरांचं काम, आम्हाला कशाला? पण विचार करा. गावाकडून व्हिजिट व्हिसावर वडील येतात. इथे पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी होते आणि रिपोर्टमध्ये लिहून येतं, महाधमनीला फुगा आहे आणि डाव्या किडनीची धमनी अरुंद आहे. डॉक्टर सांगतात, ऑपरेशन लागेल. मग घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "पोट उघडणारच आहेत तर किडनीचंही उरकून घ्या ना! पुन्हा पुन्हा कशाला फाडाफाडी?"

हा आपला घरगुती हिशोब आहे. भिंत फोडलीच आहे तर नळाचा पाइपही बदलून घेऊ. मार्केटला आलोच आहोत तर तेलाचा डबाही नेऊ. घरकामात हा हिशोब बरोबर ठरतो. शरीरात मात्र तो प्रत्येक वेळी बरोबर ठरत नाही, आणि आज मला नेमकं हेच सांगायचं आहे.

आधी रचना समजून घेऊ. हृदयातून निघणारी सगळ्यांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. ती छातीतून खाली पोटात येते आणि बेंबीच्या आसपास दोन पायांसाठी दोन फाट्यांत विभागली जाते. तिथे पोहोचण्याआधी, पोटाच्या वरच्या भागात, तिला डावीकडे एक आणि उजवीकडे एक फांदी फुटते. या किडनीच्या धमन्या. काही जणांना एका बाजूला दोन-दोनही असतात. हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त पुढे ढकलतं आणि त्यातलं जवळपास एक लिटर या दोन फांद्यांतून किडन्यांकडे जातं. मुठीएवढ्या दोन अवयवांना एवढं रक्त! कारण किडनी फक्त लघवी तयार करत नाही. शरीराचं बीपी किती असावं यावरही तिची नजर असते.

ही धमनी अरुंद झाली की किडनीला रक्त कमी पोहोचतं. किडनीला वाटतं, सगळ्या शरीराचंच बीपी पडलंय. मग ती अशी रसायनं सोडते की बीपी वर चढतं. हॅरी गोल्डब्लाट या अमेरिकी संशोधकांनी १९३४ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग करून हे दाखवून दिलं. त्यांनी किडनीच्या धमनीला चिमटा लावून ती आवळली आणि कुत्र्यांचं बीपी वाढलं. म्हणजे काही लोकांच्या बीपीचं मूळ डोक्यातल्या टेन्शनमध्ये किंवा जेवणातल्या मिठात नसतं, ते या बोटाएवढ्याही जाड नसलेल्या नळीत असतं.

आता महाधमनी आणि किडनीची धमनी एकाच वेळी बिघडतात, त्याची मुख्य कारणं पाहू. ही कारणं वेगळी आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत. हे वेगळेपण लक्षात ठेवलंत तर अर्धं काम झालं.

पहिलं कारण, वय आणि तंबाखू. साठीच्या पुढे, विशेषतः वर्षानुवर्षं सिगारेट किंवा बिडी ओढणाऱ्या पुरुषांत, महाधमनीची भिंत कमकुवत होते आणि तिला फुगा येतो. त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. पोटातली महाधमनी साधारण दोन सेंटीमीटर रुंद असते. तीन सेंटीमीटर झाली की तिला फुगा म्हणतात. पुरुषांत साडेपाच आणि बायकांत पाच सेंटीमीटरच्या आसपास गेली की शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो, कारण त्यापुढे फुटण्याचा धोका वाढत जातो. त्याआधी ठरावीक अंतराने सोनोग्राफी करत लक्ष ठेवायचं असतं. त्याच माणसाच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचलेले असतात आणि ते किडनीच्या धमनीच्या तोंडाशीही जमतात. म्हणून दोन्ही दुखणी एकाच रिपोर्टवर दिसतात.

दुसरं कारण आपल्या भारतीयांच्या जास्त जवळचं आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. हा आजार तरुणांना, त्यातही जास्त करून तरुण मुलींना आणि बायकांना होतो. महाधमनीच्या भिंतीलाच सूज येते. पुढे ती भिंत जाड होते, आवळते आणि फांद्यांची तोंडं बंद करते. याला ताकायासू आर्टेरायटिस म्हणतात. मिकितो ताकायासू हे जपानमधले डोळ्यांचे डॉक्टर. त्यांनी १९०८ मध्ये २१ वर्षांच्या एका मुलीच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्यांमधला विचित्र बदल मांडला आणि आजाराला त्यांचं नाव मिळालं. जपानमध्ये हा आजार जास्त करून गळ्याकडे आणि हातांकडे जाणाऱ्या धमन्यांना धरतो. भारतात मात्र पोटातली महाधमनी आणि किडनीच्या धमन्या यांना तो वारंवार धरतो. म्हणून आपल्याकडे या आजाराची पहिली खूण पुष्कळदा एकच असते: तरुण वयात खूप वाढलेलं बीपी.

इथे आपल्या मुंबईचा एक अभिमानाचा धडा आहे. परळचं केईएम हॉस्पिटल. १९२६ मध्ये सुरू झालेलं महापालिकेचं हे हॉस्पिटल म्हणजे गिरणगावातल्या कामगारांचं आणि कोकणातून, घाटावरून बोटीने, एसटीने येणाऱ्या गोरगरिबांचं आधारस्थान. तिथे डॉ. प्रफुल्लकुमार सेन हे शल्यविशारद होते. १९६८च्या फेब्रुवारीत भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण करणारे ते हेच सेन. त्याच्याही आधी, १९६३ साली, डॉ. सेन, डॉ. एस. जी. किनरे, डॉ. जी. बी. परुळकर आणि त्यांचे सहकारी यांनी ब्रिटिश हार्ट जर्नल या नावाजलेल्या नियतकालिकात महाधमनीच्या मधल्या भागाच्या आवळण्यावर लेख लिहिला. त्याला त्यांनी दिलेलं 'मिडल एऑर्टिक सिंड्रोम' हे नाव आजही जगभरचे डॉक्टर वापरतात. पुढे याच गटाने अशा १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला ग्रंथही काढला.

यात काय होतं? छातीच्या खालच्या आणि पोटाच्या वरच्या भागातली महाधमनी आवळते. नेमक्या याच भागातून किडनीच्या धमन्या निघतात. हातावर बीपी भलतंच जास्त आणि पायांत नाडी लागता लागत नाही. अशा रुग्णाला फक्त महाधमनीचा अडथळा ओलांडून देऊन भागत नाही. किडनीची धमनीही अरुंद असेल तर बीपी उतरत नाही. आणि फक्त किडनीची धमनी मोकळी केली, पण वर महाधमनीच आवळलेली राहिली, तर मोकळ्या फांदीला रक्त येणार कुठून? टाकीचा मुख्य पाइप चोंदलेला असताना स्वयंपाकघरातला नळ बदलून काय उपयोग? म्हणून अशा काही रुग्णांत दोन्हींची व्यवस्था एका आखणीत बसवावी लागते. तिथे एकत्र शस्त्रक्रियेचं कारण दुखण्याच्या रचनेतच असतं.

आता पहिल्या गटाकडे, म्हणजे साठीच्या काकांकडे परत येऊ. शस्त्रक्रिया कशी करतात ते थोडक्यात सांगतो. उघड्या शस्त्रक्रियेत पोट उघडून महाधमनीला वर आणि खाली क्लॅम्प लावतात, रक्त थांबवतात आणि फुगलेल्या भागाच्या जागी कृत्रिम कापडी नळी शिवतात. फुगा किडनीच्या फांद्यांच्या खाली असेल तर वरचा क्लॅम्पही त्या फांद्यांच्या खालीच लागतो आणि किडन्यांचं रक्त चालू राहतं. पण किडनीच्या धमनीचंही काम करायचं असेल, तर तेवढा वेळ त्या किडनीचं रक्त थांबवावं लागतं. कधी दोन्ही किडन्यांचं. किडनी अशी उपासमार साधारण अर्धा तास बऱ्यापैकी सोसते. त्यापुढे प्रत्येक मिनिटाला नुकसान वाढत जातं. थंडगार द्रव सोडून किडनी थोडी सांभाळता येते, पण घड्याळ काही थांबत नाही.

म्हणून "उरकून घ्या" हे बोलायला सोपं असलं, तरी त्याची किंमत असते.

किंमत किती? महाधमनीच्या फुग्यावर ब्रिटनमध्ये एव्हर-१ नावाची मोठी चाचणी झाली. १०८२ रुग्ण होते. ठरवून केलेल्या उघड्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या ३० दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण ४.७ टक्के होतं, आणि मांडीतून आत नळी सोडून फुगा आतून झाकण्याच्या पद्धतीत १.७ टक्के. हे आकडे २००४ साली आले. पण पुढे वर्षानुवर्षं त्याच रुग्णांवर लक्ष ठेवल्यावर दिसलं, की मांडीतून केलेल्या पद्धतीचा सुरुवातीचा फायदा काही वर्षांत ओसरतो. आठेक वर्षांनंतर त्या पद्धतीच्या रुग्णांत फुग्यामुळे होणारे मृत्यू उघड्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांपेक्षा जास्त दिसले. म्हणून मांडीतून नळी बसवली असेल तर तपासणी आयुष्यभर चालू ठेवायची असते.

हे सगळं फक्त महाधमनीबद्दल. त्यात किडनीच्या धमनीचं उघडं काम जोडलं की वेळ वाढतो, रक्तस्राव वाढतो आणि धोका वाढतो. वर्षानुवर्षं अशा शस्त्रक्रिया करणाऱ्या अनुभवी केंद्रांतही एकत्र शस्त्रक्रियेत दगावण्याचं प्रमाण नुसत्या महाधमनीच्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त दिसलं आहे. दोन्ही किडन्यांचं काम एकदम असेल, क्रिएटिनिन आधीच वाढलेलं असेल, हृदय कमजोर असेल, वय जास्त असेल, तर ते आणखी वाढतं.

मग फायदा? तोही खरा आहे, पण मोजून-मापून समजून घ्या. उतारवयात चरबीच्या थरांमुळे आलेल्या दुखण्यात शस्त्रक्रियेनंतर बीपीच्या गोळ्या पूर्ण सुटणारे थोडे असतात. ज्यांचं बीपी आधीपेक्षा बरं सांभाळलं जातं, गोळ्या कमी होतात, असे बरेच असतात. किडनीच्या कामाचं म्हणाल तर काहींचं सुधारतं, पुष्कळांचं आहे तिथेच थांबतं आणि काहींचं खालावतं. खालावलेल्यांतल्या काहींना थोडे दिवस डायलिसिस लागतं, तर मोजक्यांना कायमचं. आणि "आहे तिथेच थांबलं" याला कमी समजू नका. घसरत चाललेली किडनी थांबली, हाही मोठा विजय असतो.

मग प्रश्न उरतो, कुणाचं करावं आणि कुणाचं नाही?

इथे दोन मोठ्या चाचण्यांनी जगभरच्या डॉक्टरांचे डोळे उघडले. एक अ‍ॅस्ट्रल, २००९ सालची, ८०६ रुग्णांची. दुसरी कोरल, २०१४ सालची, ९४७ जणांची. दोन्हींत चरबीमुळे किडनीची धमनी अरुंद झालेले लोक होते. अर्ध्यांना औषधांबरोबर धमनी मोकळी करण्याचा उपचार दिला, स्टेंट वगैरे, आणि अर्ध्यांना फक्त नीट औषधं. कोरलमध्ये साडेतीन वर्षांच्या आसपास लक्ष ठेवल्यावर हार्ट अटॅक, स्ट्रोक, किडनी निकामी होणं, मृत्यू अशा गंभीर घटना स्टेंटवाल्यांत ३५.१ टक्के झाल्या आणि फक्त औषधवाल्यांत ३५.८ टक्के. म्हणजे जवळजवळ सारख्याच.

या चाचण्या स्टेंटच्या होत्या, पोट उघडून केलेल्या कामाच्या नव्हत्या, हे खरं. आणि अगदी हाताबाहेर गेलेले रुग्ण त्यांत कमी होते, हेही खरं. पण त्यांनी एक गोष्ट पक्की शिकवली. धमनी अरुंद दिसणं आणि त्या अरुंदपणामुळे त्रास होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्कॅनमधलं चित्र बघून धमनी मोकळी केली म्हणजे माणसाचं आयुष्य वाढलं, असं होत नाही.

म्हणून आज साधारण विचार असा आहे. महाधमनीची शस्त्रक्रिया होणारच आहे आणि किडनीची धमनी फक्त स्कॅनमध्ये अरुंद दिसते आहे, बीपी गोळ्यांवर ठीक आहे, क्रिएटिनिन ठीक आहे, तर "पुढेमागे त्रास नको" म्हणून तिला हात लावायचा नाही. औषधं द्यायची आणि लक्ष ठेवायचं.

पण काही ठिकाणी पारडं दुसऱ्या बाजूला झुकतं. तीन किंवा जास्त बीपीच्या गोळ्या वेळेवर घेऊनही बीपी ऐकत नाही. छातीत एकाएकी पाणी भरून रात्री-अपरात्री धाप लागते आणि असं पुन्हा पुन्हा होतं. दोन्ही धमन्या खूप अरुंद आहेत, किंवा एकच किडनी आहे आणि तिचीच धमनी अरुंद आहे, आणि क्रिएटिनिन भराभर वाढतं आहे. अशा वेळी किडनीचं काम करण्याला ठोस कारण असतं. त्यातही किडनी अजून जिवंत हवी. चांगली किडनी दहा ते बारा सेंटीमीटर लांब असते. ती आक्रसून सात-आठ सेंटीमीटरच्या खाली गेली असेल, तर रक्त पुरवूनही ती सहसा उठत नाही. वाळून गेलेल्या झाडाला कितीही पाणी घाला, पालवी फुटत नाही.

आणखी एक प्रकार आहे, जिथे पर्यायच नसतो. फुगा वर चढत चढत किडनीच्या फांद्यांपर्यंत पोहोचलेला असतो. तिथे महाधमनी दुरुस्त करायची तर त्या फांद्यांची सोय लावावीच लागते. एकतर उघड्या शस्त्रक्रियेत, नाहीतर मांडीतून बसवायच्या खास नळीने. त्या नळीला किडनीच्या धमन्यांसमोर खिडक्या ठेवलेल्या असतात. या खिडक्या रुग्णाच्या स्कॅनच्या मापाने बनवतात, म्हणून नळी तयार व्हायला वेळ लागू शकतो आणि खर्चही मोठा असतो. हे काम सगळीकडे होत नाही.

आणि ताकायासूच्या तरुण मुलींचं? त्यांचा हिशोब वेगळा. त्यांची किडनी बऱ्याचदा चांगली असते आणि पुढे सगळं आयुष्य पडलेलं असतं. योग्य वेळी रक्तपुरवठा सुधारला तर बीपी चांगलं उतरतं. अनेकींमध्ये फुग्याच्या कॅथेटरने धमनी रुंद करणं, म्हणजे अँजिओप्लास्टी, पुरेशी ठरते आणि पोट उघडावं लागत नाही. पण इथे एक सोन्यासारखा नियम आहे. आधी सूज शांत करायची. स्टेरॉइड आणि सूज दाबणारी इतर औषधं देऊन आजार थंड झाला की मग हात घालायचा. भडकलेल्या सुजेत टाके घातले तर ती जागा पुन्हा आवळण्याची भीती जास्त. आणि शस्त्रक्रिया झाली म्हणजे आजार गेला असं नाही. औषधं आणि तपासण्या वर्षानुवर्षं चालू ठेवाव्या लागतात. लग्न, बाळंतपण यांचा विचार करतानाही डॉक्टरांशी आधी बोलायचं. लपवायचं नाही.

आता आपल्या शारजातल्या गोष्टी बोलू.

पहिली गोष्ट, तपासणी. तुमच्या घरात तिशीच्या आतल्या कुणाचं बीपी खूप वाढलेलं असेल, तर "टेन्शन घेतेस" म्हणून सोडून देऊ नका. दोन्ही हातांवर बीपी मोजायला सांगा. पायातली नाडी बघायला सांगा. दोन हातांच्या बीपीत मोठा फरक असेल, एका मनगटात नाडी मंद लागत असेल, चालताना पोटऱ्या किंवा काम करताना हात भरून येत असतील, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. याला कुठलंही महागडं मशीन लागत नाही. फक्त दुसऱ्या हातावर पट्टा बांधायची तसदी लागते.

साठीच्या पुढचे वडील, काका, आजोबा सिगारेट ओढत असतील किंवा पूर्वी ओढत असतील, तर पोटाची एक सोनोग्राफी करून घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. फुगा फुटेपर्यंत बहुधा दुखत नाही, हीच त्याची लबाडी आहे. ब्रिटनमध्ये पुरुषांना ६५व्या वर्षी यासाठी सरकारी खर्चाने सोनोग्राफीला बोलावतात. आपण स्वतःहून विचारायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट, उन्हाळा. १५ जून ते १५ सप्टेंबर इथे उघड्यावरच्या कामाला दुपारी साडेबारा ते तीन सुट्टी असते, ते उगाच नाही. घामाने शरीरातलं पाणी कमी झालं, त्यात बीपीची गोळी, त्यात पाठ दुखते म्हणून दुकानातून घेतलेली पेनकिलर, या तिन्हींचा मेळ किडनीला झोडपतो. धमनी अरुंद असेल तर आणखीच. बीपीच्या काही गोळ्या, ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' येतं, त्या फार चांगल्या आहेत, पण सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन तपासायचं असतं. ते एकदम उसळलं, तर दोन्ही किडन्यांच्या धमन्या अरुंद असल्याची ती खूण असू शकते. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा.

तिसरी गोष्ट, विमा. १ जानेवारी २०२५ पासून शारजासह उत्तरेकडच्या अमिरातींत खासगी नोकरदार आणि घरकामगारांसाठी आरोग्य विमा सक्तीचा झाला आहे. मूळ योजना वर्षाला ३२० दिरहमची आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण मूळ योजना म्हणजे मूळ योजनाच. महाधमनीच्या शस्त्रक्रियेसारख्या मोठ्या कामाला किती रकमेपर्यंत पैसे मिळतील, कुठल्या हॉस्पिटलात मिळतील, आपल्या खिशातून किती भरावे लागतील, हे कार्डावरच्या नंबरला फोन करून आधीच विचारा. व्हिजिट व्हिसावर आलेल्या आईवडिलांना तुमचा नोकरीचा विमा लागू होत नाही. त्यांचा वेगळा घ्यावा लागतो आणि त्यात जुने आजार धरले आहेत का, ते वाचावं लागतं.

मग इथे करायचं की मुंबई-पुण्याला? फुगा लहान असेल, दुखत नसेल, डॉक्टर म्हणत असतील की वेळ आहे, तर शांतपणे ठरवा. निर्णय फक्त विमानाच्या तिकिटावर आणि बिलावर घेऊ नका. ते हॉस्पिटल अशा किती शस्त्रक्रिया करतं, तिथे रक्तवाहिन्यांचे सर्जन आणि किडनीचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात का, डायलिसिसची सोय आहे का, नंतर महिनाभर जवळ कोण राहणार, हे बघा. रिपोर्टचा नुसता कागद नेऊ नका, सीटी स्कॅनची सीडीही न्या. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर विमानात कधी बसायचं, ते सर्जनकडून लेखी घ्या.

पण पोटात किंवा पाठीत अचानक भयंकर कळ आली, घाम फुटला, चक्कर आली, तर तिकीट, बिल, विमा सगळं बाजूला. ९९८ ला फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. फुगा असल्याचं माहीत असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा.

आता कागद-पेन घ्या. डॉक्टर दोन्ही शस्त्रक्रिया एकत्र करू म्हणाले, तर हे प्रश्न विचारायचे. यात डॉक्टरांचा अपमान नाही. चांगल्या डॉक्टरांना असे प्रश्न आवडतात.

एक, किडनीच्या धमनीचं काम नेमकं कशासाठी करतोय? बीपीसाठी, किडनी वाचवण्यासाठी, की फक्त ती अरुंद दिसतेय म्हणून?

दोन, ते केलं नाही आणि फक्त औषधं दिली, तर काय होईल?

तीन, आधी किंवा नंतर, मांडीतून वेगळं करता येईल का?

चार, किडनीचं रक्त किती वेळ थांबेल आणि ती सांभाळायला काय कराल?

पाच, किडनी किती मोठी आहे, काम किती करते, आणि डायलिसिस लागण्याची शक्यता किती?

सहा, तुमच्या हातून अशा किती झाल्या आणि ते रुग्ण आज कसे आहेत?

तरुण मुलगी असेल तर सातवा प्रश्न, सूज शांत झाली आहे का, आणि ते कशावरून ठरवलं?

शस्त्रक्रिया झाल्यावरही काम संपत नाही. उघड्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस आयसीयू, साधारण आठवडा-दहा दिवस हॉस्पिटल आणि पूर्ण ताकद यायला दोन-तीन महिने धरून चाला. इंडस्ट्रियल एरियात वजनं उचलणाऱ्या माणसाने पंधरा दिवसांत कामावर जायचं मनातही आणू नये. सुपरवायझरला आधीच सांगून ठेवा आणि डॉक्टरांचं पत्र घ्या. सिगारेट, हुक्का, तंबाखू, मिसरी कायमची बंद. घरात बीपीचं मशीन आणा आणि वहीत आकडे लिहा. क्रिएटिनिन सांगितलेल्या तारखेलाच तपासा. शिवलेल्या जागांची सोनोग्राफी किंवा स्कॅन चुकवू नका, कारण ती जागा काही वर्षांनी पुन्हा अरुंद होऊ शकते किंवा फुगू शकते. वेळेत कळलं तर उपाय असतो.

पूर्वी एकत्र शस्त्रक्रियेचं यश मोजताना रुग्ण टेबलावरून उठला की नाही, हे पाहायचे. आता विचारतात, दोन वर्षांनी, पाच वर्षांनी त्याची किडनी चालते का, बीपी ताब्यात आहे का, तो स्वतःच्या पायांनी बाजारात जातो का. तुम्हीही हाच हिशोब धरा. "एकदाच फाडाफाडी" हा सोयीचा हिशोब झाला. पाच वर्षांनी माणूस कसा असेल, हा खरा हिशोब. त्या हिशोबात कधी दोन्ही एकत्र करणं बरोबर ठरतं, कधी एकच करून दुसऱ्यावर लक्ष ठेवणं बरोबर ठरतं, तर कधी दोन्हींना हात न लावता गोळ्या आणि सोनोग्राफीवर थांबणं शहाणपणाचं असतं.

आजच्या बोलण्यातून उपचार ठरवू नका. तुमचे रिपोर्ट बघणारे डॉक्टरच ते ठरवतील. पण त्यांच्यासमोर बसताना गप्प बसू नका. आणि या आठवड्यात एक छोटं काम करा. घरातल्या प्रत्येकाचं बीपी दोन्ही हातांवर एकदा मोजा. दोन आकडे लिहून ठेवा. फरक दिसला तर दाखवून या.

पाणी भरपूर प्या. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.